घरपट्टीतला दिवा

२०१९ च्या डिसेंबरात आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या पेट्या उघडल्या होत्या. नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली होती आणि पुढे कागद मागितले जाणार, अशी चर्चा चहाच्या टपरीपासून मशिदीच्या हौदापर्यंत चालू होती. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डं, सातबाराचे उतारे, जे सापडेल ते लोक प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवत होते. झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा लागल्या होत्या.

आम्हीही अब्बांची पत्र्याची पेटी उघडली. अब्बा जाऊन सात महिने झाले होते. पेटीत वरच एका कापडी फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. घरपट्टीच्या पावत्या. पहिली १९७८-७९ ची, शेवटची २०१८-१९ ची. मोजल्या तर एकेचाळीस. एकही वर्ष सुटलं नव्हतं. अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा म्हणायचे, ही पावती म्हणजे आपण इथले असल्याचा कागद."

त्या दिवसांत आम्हाला तो गठ्ठा बघून किती धीर आला, हे आज सांगून समजणार नाही. भाईने सगळ्या पावत्यांच्या दोन-दोन प्रती काढल्या. मूळ गठ्ठा पुन्हा फडक्यात बांधून पेटीत ठेवला. एकेचाळीस वर्षांच्या त्या कागदांचा आम्हाला तेवढाच उपयोग सुचला. पुरावा. त्या पावत्यांवर काय लिहिलं आहे, पैसे कशाचे घेतले आहेत, हे वाचावं असं कोणाच्याच मनात आलं नाही. मी शिक्षिका आहे, रोज मुलांना 'नीट वाचा' म्हणून सांगते. मीही वाचलं नाही.

अब्बा कसे गेले, ते सांगायला हवं, कारण या लेखाचा विषय तोच आहे.

आमची गल्ली बाजार चौकातून निघते, मशिदीवरून वळते आणि पुढे ओढ्याकाठच्या नव्या घरांपर्यंत जाते. आमचं घर मशिदीच्या पलीकडे. चौकापासून मशिदीपर्यंत विजेचे खांब आहेत; त्यांवरचे दिवे कधी लागतात, कधी नाही. मशिदीच्या पुढे खांबच नाहीत. मशिदीच्या दाराबाहेर कमिटीने स्वतःच्या मीटरवरून एक बल्ब लावला आहे. तो इशाच्या नमाजनंतर मुअज्जिन बंद करतो, कारण वीजबिल चंद्यातून भरायचं असतं. म्हणजे आमच्या अर्ध्या गल्लीचा उजेड नमाजच्या वेळापत्रकावर चालतो.

२०१९ च्या जानेवारीत अब्बा फजरच्या नमाजला निघाले. थंडीत त्या वेळी पूर्ण काळोख असतो. हातात बॅटरी होती, पण गटाराच्या चेंबरचं झाकण गेलेलं होतं आणि ते त्यांना दिसलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. रमजानच्या थोडे दिवस आधी गेले. लोक म्हणाले, अल्लाहची मर्जी. मीही तेच म्हणाले. पण ज्या गल्लीसाठी एक माणूस एकेचाळीस वर्षं पैसे भरत होता, त्याच गल्लीत तो अंधारामुळे पडला, हे त्या वेळी मी जोडून पाहिलं नव्हतं.

ते जोडलं गेलं २०२० च्या फेब्रुवारीत, नगरपालिकेच्या कर विभागात. अब्बांच्या जागी वारसांची नावं लावायची होती. भाई दुकानात अडकलेला, धाकटा भाऊ अमेरिकेत, म्हणून कागद घेऊन मी गेले. नंबर येईपर्यंत तासभर बाकावर बसून होते. करायला काही नव्हतं, म्हणून हातातलं बिल पहिल्यांदा वाचलं.

एकत्रित मालमत्ता कर. शिक्षण कर. अग्निशमन कर. वृक्षकर. या ओळीवर मी थांबले. आमच्या गल्लीत मशिदीतलं एक जुनं बदामाचं झाड सोडलं तर झाड नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की शहरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी १९७५ साली राज्याने कायदा केला आणि घराच्या करयोग्य मूल्यावर हा उपकर त्यातूनच आला. झाडं लावायची, जगवायची, रोपवाटिका चालवायच्या, यासाठी तो आहे. रस्त्यावरच्या दिव्यांचा खर्च मात्र बिलात वेगळा दिसत नव्हता. तो एकत्रित करातच मुरलेला. खेड्यात ग्रामपंचायतीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' म्हणून स्वतंत्र रकाना असतो. माझ्या आजोळच्या पावतीवर तो आहे, तिथला खांब मात्र लहानपणापासून मी आंधळाच पाहिला आहे. नगरपालिकेच्या बाबतीत १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे नगरपालिकेचं कर्तव्यच ठरवलेलं आहे. मर्जी नाही, मेहेरबानी नाही, कर्तव्य.

माझा नंबर आला. नावाचं काम झालं. मग मी खिडकीतल्या लिपिकाला विचारलं, "आमच्या गल्लीत दिवे नाहीत. हे पैसे त्याचेही आहेत ना?"

तो चांगला माणूस होता, चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, आमचा विभाग कर घेतो. दिव्याचा आणि आमचा संबंध नाही. दिव्यासाठी विद्युत विभागात अर्ज द्या."

विद्युत विभागात गेले. तिथले म्हणाले, मशिदीच्या पुढे खांब नाहीत, त्यामुळे दिव्याची तक्रार घेता येत नाही. खांबांसाठी निधी लागतो, तो नगरसेवकांच्या मागणीवर असतो.

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि तो विषय तिथेच राहिला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. वारस म्हणून नावं लागली ती दोन्ही भावांची. मी संमतीपत्रावर सही करून आले. घरात मी राहते, अम्मीला मी बघते, शरीअतने बापाच्या घरात माझा हिस्सा ठेवलेला आहे आणि अम्मीचाही. तरी मुलींनी सही करून मोकळं व्हायचं, हा रिवाज इतका अंगवळणी पडलेला, की भाईने काही विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही.

२०२३ च्या वसंतात मी कॅलिफोर्नियाला गेले. धाकट्या भावाच्या बायकोचं बाळंतपण होतं. सॅक्रामेंटोच्या जवळचं एक शहर, नवी वस्ती, रुंद रस्ते. संध्याकाळ झाली की सगळे दिवे एकदम लागायचे. दुभाजकावर झाडं, झाडांच्या बुंध्याशी बारीक नळ्यांनी पाणी. बाळ रडायला लागलं की मी त्याला घेऊन रात्री दहा वाजताही फूटपाथवर फेऱ्या मारायचे. आपल्या गल्लीत आठनंतर मी एकटी कधी निघाले नव्हते.

मे महिन्यात एक लिफाफा आला. भाऊ तो जाहिरातीच्या कागदांबरोबर टाकून देणार होता. मी वाचायला घेतला. रिकामपण माणसाला वाचायला लावतं, हे मला एव्हाना कळलं होतं.

आत एक नोटीस आणि एक मतपत्रिका होती. त्यांच्या वस्तीतल्या दिव्यांसाठी आणि झाडांसाठी घरटी जी रक्कम घेतली जाते, ती वाढवायची का, असा प्रश्न होता. सध्या तुमच्या घराला किती, पुढे किती, संपूर्ण वस्तीतून मिळून किती, ही वाढ कशासाठी, प्रत्येकाचा वाटा कोणत्या पद्धतीने काढला आणि सुनावणी कोणत्या तारखेला. खाली दोन चौकोन. हो किंवा नाही.

मी भावाला विचारलं, त्याला नीट सांगता येईना. मग आम्ही दोघांनी मिळून ते समजून घेतलं. ते असं आहे.

कॅलिफोर्नियात १९७२ साली एक कायदा झाला, नावच 'लँडस्केपिंग अँड लाइटिंग अ‍ॅक्ट'. शहराने एखाद्या भागाची हद्द आखायची आणि त्या हद्दीतल्या दिव्यांचा, झाडांचा, बागांचा, पाण्याच्या नळ्यांचा खर्च त्याच हद्दीतल्या मिळकतींवर वाटून घ्यायचा. तो घराच्या कराच्या बिलातच वेगळी ओळ म्हणून येतो. पुढे १९७८ साली तिथल्या मतदारांनी प्रस्ताव क्रमांक १३ मंजूर केला. त्याने घरावरच्या मूळ कराला एक टक्क्याची मर्यादा घातली, आणि घर विकलं जाईपर्यंत त्याचं कराचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही असं ठरवलं. घरमालक खूश झाले. शहरांच्या तिजोऱ्या आटल्या. मग शहरं या वेगळ्या आकारणीवर जास्त टेकू लागली. लोक पुन्हा वैतागले आणि १९९६ साली प्रस्ताव क्रमांक २१८ आला. त्याने थेट राज्यघटनेतच लिहून ठेवलं, की अशी आकारणी नव्याने लावायची किंवा वाढवायची तर प्रत्येक मिळकतदाराला टपालाने नोटीस आणि मतपत्रिका पाठवा, किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी घ्या, आणि विरोधाचं पारडं जड झालं तर आकारणी लावू नका.

या सगळ्याच्या मुळाशी इंजिनिअरचा एक अहवाल असतो. तो कोणीही बघू शकतो. दिवे, झाडं, पाणी, सगळ्याचा खर्च, आणि कोणत्या मिळकतीवर किती वाटा व का, हे त्यात लिहावं लागतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. रस्त्यावरच्या दिव्याचा फायदा फक्त त्या रस्त्यावरच्या घरांना होत नाही. तिथून जाणाऱ्या परक्या माणसालाही होतो. कायदा सांगतो, की घराला होणारा खास लाभ वेगळा काढा आणि सगळ्यांना होणारा सर्वसाधारण लाभ वेगळा काढा. घरमालकाकडून फक्त खास लाभाचे पैसे घ्या. उरलेला भाग शहराने दुसऱ्या पैशांतून भरायचा. भावाला मी म्हटलं, म्हणजे यांनी वाटसरूचा वाटा बाजूला काढला आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिर असतो, हे आम्ही लहानपणी पाठ केलेलं. तो इथे कराच्या हिशेबात भेटेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मशिदीची. तिथल्या मशिदीच्या समितीलाही तशीच मतपत्रिका आली होती. प्रार्थनास्थळांना तिथे घरपट्टीसारख्या मूळ करातून सूट आहे, पण या दिव्याझाडांच्या आकारणीतून ती सूट नाही. दिव्याचा उजेड मशिदीवर पडतो, चर्चवर पडतो, गुरुद्वारावर पडतो, तर वाटा द्या. समितीचे लोक जुमानंतर बसून विचार करत होते, हो म्हणायचं की नाही. आपल्या मशिदीचा बल्ब आठवला. इथे मशीद रस्त्याच्या दिव्यासाठी शहराला पैसे देते आणि त्याबद्दल तिला विचारलं जातं. तिथे मशीद शहराचं काम चंद्यातून करते आणि कोणी आभारही मानत नाही.

पण सगळंच गोड नव्हतं. मतं माणशी मोजली जात नाहीत, रकमेने मोजली जातात. समजा, एखाद्या घरावर १०० डॉलरची आकारणी प्रस्तावित असेल आणि एका दुकान-संकुलावर ५,००० डॉलरची, तर त्या एका मालकाचं मत पन्नास घरांइतकं जड. आणि भाडेकरूंना सहसा मतच नाही. शेजारी एक अफगाण कुटुंब भाड्याने राहत होतं. ती बाई रोज संध्याकाळी बाबागाडी घेऊन माझ्यासारखीच दिव्याखाली फिरायची. घरभाड्यात तिच्याकडून या दिव्यांचे पैसे जात असणारच. लिफाफा मात्र घरमालकाच्या पत्त्यावर गेला, तो दुसऱ्या शहरात राहणारा.

सुनावणीला मी भावाबरोबर गेले. सभागृहात तीसेक माणसं. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं. एक वृद्ध बाई म्हणाली, पेन्शन तेवढंच आहे, मी 'नाही' लिहिलं. एक गृहस्थ म्हणाले, झाडं जगली नाहीत तर घरांच्या किमती पडतील. कोणीही ओरडलं नाही. माझ्या भावाने 'हो' लिहिलं होतं. वाढ नामंजूर झाली. काही महिन्यांनी, मी परत आल्यावर, त्याने फोटो पाठवला. दिवे होते, पण दुभाजकावरचं गवत पिवळं पडलं होतं. जुन्या रकमेत जेवढं भागेल तेवढंच आता होणार होतं. काटछाट आधी हिरवळीच्या पाण्यात झाली.

विमानात माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. माझा धाकटा भाऊ तिथल्या घराचा मालक म्हणून त्या दिव्यावर मत देतो. इथल्या घराच्या यादीतही त्याचं नाव आहे. आणि जी रोज या गल्लीतून चालते तिचं, म्हणजे माझं, नाव कुठेच नाही. त्या अफगाण बाईत आणि माझ्यात फार फरक नव्हता. फरक एवढाच, की तिचं नाव लावायला तिला जागा नव्हती. मला होती आणि मी सही करून ती सोडली होती.

मी परतले तर घरात वेगळाच वाद. पुतणी बारावीत. तिचा क्लास बाजार चौकात, सुटायची वेळ रात्री आठ. थंडीचे दिवस, अंधार लवकर. गल्लीत काही मुलांनी तिच्या मागे शिट्ट्या मारल्या होत्या. भाईने क्लास बंद करायचं ठरवलं. मी भांडले. तो म्हणाला, "बाजी, अब्बा त्याच गल्लीत पडले. मला पोरीवर भरोसा आहे, अंधारावर नाही." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेची चतुर्वार्षिक आकारणी आली. दर चार वर्षांनी घरांचं कराचं मूल्य नव्याने ठरतं. यादी प्रसिद्ध होते, नोटिसा येतात आणि मुदतीत हरकत घेता येते. आमच्या घराचा कर वाढला होता, सगळ्यांचाच वाढला होता. मी हरकतीचा नमुना वाचला. घराचं क्षेत्र चुकलं का, वापर चुकीचा धरला का, मूल्य जास्त लावलं का, एवढ्याच गोष्टींवर हरकत घेता येते. माझ्या लक्षात आलं ते इथे. आपल्याकडे हरकत आहे, सुनावणीही आहे, पण ती फक्त माझ्या घराच्या भिंतींच्या आतली. दाराबाहेर त्या पैशाचं काय झालं, यावर त्या नमुन्यात एकही रकाना नाही. तिथे उलट. त्यांची सुनावणी सुरूच दाराबाहेरून होते.

तरी त्यांची पद्धत जशीच्या तशी इथे आणा, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घराची किंमत त्याचं मत, असं झालं तर आमच्या गल्लीचं मत किती भरेल? आणि ज्या भागाने पैसे दिले त्याच भागात दिवे, असं ठरलं तर गरीब वस्ती कायम अंधारात राहील. सगळ्या शहराचा पैसा एकत्र करून गरज असेल तिथे दिवा लावायचा, हा आपला विचार मुळात जास्त चांगला आहे. फक्त तो एकत्र झालेला पैसा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन का थांबतो, हे कोणी सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. विचारायचं तर हातात हिशेब हवा. त्यांच्याकडून मला तेवढंच घ्यावंसं वाटलं.

एका रविवारी आमच्या अंगणात बैठक बसली. बायकाही होत्या, म्हणून मशिदीत न बसता अंगणात. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, घरटी पाचशे रुपये काढू, सोलरचे दिवे लावू, नगरपालिकेच्या पाया कोण पडतं. बऱ्याच माना हलल्या. एक बुजुर्ग कॉर्डोबाची गोष्ट सांगू लागले. हजार वर्षांपूर्वी मुस्लिम स्पेनमधल्या त्या शहराच्या रस्त्यांवर दिवे होते, हे आमच्या जलशांतून दरवर्षी ऐकायला मिळतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, त्या दिव्यांचं तेल कोण भरत होतं, हेही कधीतरी सांगा." लोक हसले, चाचाही हसले.

मग मी अब्बांचा गठ्ठा आणून मध्ये ठेवला. म्हटलं, चंदा द्यायला माझी ना नाही. पण चंदा दिला की आपण दोनदा पैसे भरले. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी ते म्हणतील, तुमच्याकडे तर दिवे आहेत. या पावत्या आपण चार वर्षांपूर्वी पुरावा म्हणून बाहेर काढल्या होत्या. आपण इथले आहोत हे सांगण्यासाठी. इथले आहोत, तर इथला दिवाही आपला आहे. हे त्याच कागदावर लिहिलेलं आहे. आपण ते वाचलं नाही.

एक तरुण म्हणाला, "मॅडम, अर्ध्या घरांची थकबाकी आहे. कोणत्या तोंडाने मागायचं?"

खरं होतं ते. ओढ्याकाठच्या घरांची बांधकामं परवानगीशिवायची, त्यांना दंडाची शास्ती लागते या भीतीने ते बिलच घेत नाहीत. बाकीच्यांत आळसही आहे. त्यावर झाकण घालून चालणार नव्हतं. ठरलं असं, की आधी आपला हिशेब करायचा.

पुढचे पंधरा दिवस पुतणी आणि तिच्या तीन मैत्रिणी घरोघर फिरल्या. चौसष्ट घरं. तेवीस घरांची थकबाकी निघाली. त्यातल्या सतरा घरांनी मार्चच्या आत भरली, सहांनी भरली नाही. चौसष्ट घरांची मिळून वर्षाची मागणी एक लाख बारा हजारांच्या आसपास होती. तो आकडा ऐकून सगळे गप्प झाले. आपण एवढे पैसे देतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग मुलींनी रात्री भाईबरोबर जाऊन खांब मोजले. चौक ते मशीद खांब नऊ, चालू दिवे दोन. मशिदीच्या पुढे खांब शून्य. उघडी चेंबरं चार. रस्त्याकडेची झाडं शून्य. हे सगळं एका कागदावर काढलं, गल्लीचा नकाशा काढला आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करून दिवाबत्तीवर आणि झाडांवर मागच्या वर्षी कोणत्या प्रभागात किती खर्च झाला ते मागवलं. उत्तर उशिरा आणि अर्धवट आलं. पण त्यात आमच्या गल्लीचं नाव नव्हतं, एवढं त्यावरून कळलं.

हरकतीच्या सुनावणीला बावीस जणी आणि अकरा जण गेलो. माझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने यादी बघून विचारलं, "तुमचं नाव?" मी सांगितलं. "यादीत नाही. मालक किंवा भोगवटादाराला पाठवा."

भाई मागे उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं, आता तो बोलेल आणि मी मागे सरकेन. तो म्हणाला, "साहेब, नाव राहून गेलंय, लावायचा अर्ज आम्ही देतो. बोलू द्या तिला."

मी बोलले. अधिकारी म्हणाले, हा हरकतीचा विषय नाही. मी म्हटलं, माहीत आहे, पण तुमच्यासमोर बसायला आम्हाला चार वर्षांत एकदाच मिळतं. त्यांनी कागद, नकाशा ठेवून घेतला आणि निवेदन म्हणून आवक क्रमांक दिला.

साडेतीन महिन्यांनी नऊ खांबांपैकी सात दिवे लागले. दोन चेंबरांना झाकणं आली. मशिदीच्या पुढच्या भागासाठी खांबांचा प्रस्ताव 'विचाराधीन' आहे, असं लेखी मिळालं आहे. अजून ते विचारच करत आहेत. वृक्षकराचा विषय काढल्यावर कडुनिंबाची सहा रोपं दिली, त्यातली दोन जगली. कमिटीचा बल्ब आता रात्रभर चालू असतो. अध्यक्ष म्हणाले, खांब येईपर्यंत राहू द्या. पुतणीचा क्लास पुन्हा सुरू झाला. चौकातून मशिदीपर्यंत ती एकटी येते, पुढचा तुकडा भाई किंवा मी सोबत असतो. तो तुकडा चालताना मी अजून पायाखाली बघत चालते.

घरपट्टीच्या नोंदीला अम्मीचं आणि माझं नाव लागायला कॅलिफोर्नियाहून भावाचं संमतीपत्र यावं लागलं. त्याने आठवड्यात पाठवलं, वर फोनवर म्हणाला, "हे आधीच करायला हवं होतं." ही पावती मालकी हक्काचा पुरावा नाही, असं तिच्यावरच छापलेलं असतं. ते ठीक आहे. मला ती पुरावा म्हणून नकोच होती.

या वर्षीची पावती मी फडक्यात बांधण्याआधी उलटी केली आणि मागे पेन्सिलने लिहिलं : चालू दिवे सात, बंद दोन, मशिदीपुढे खांब नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे आहेत.